जॉइन टेबलवरचे फिल्टर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जँगोमध्ये (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) व्यक्ती आणि प्रकल्प यांना जोडणारं ‘सदस्यत्व’ हे थ्रू मॉडेल आहे, म्हणजे दोघांमधले दुवे ठेवणारं जॉइन टेबल. त्यात ‘भूमिका’ आणि ‘सक्रिय’ ही फील्ड आहेत. सध्या प्रमुख असलेल्या व्यक्ती हव्या होत्या, म्हणून भूमिकेवर एक फिल्टर लावला आणि त्यालाच जोडून सक्रियवर दुसरा. यादीत असेही लोक आले, जे आज कुठेच प्रमुख नाहीत. असं का?

उत्तर: अशा नात्यावर फिल्टरला फिल्टर जोडला की जँगो दरवेळी जॉइन टेबल नव्याने जोडतो. समजा, एक व्यक्ती जुन्या प्रकल्पात प्रमुख होती, ते सदस्यत्व संपलं. आज ती दुसऱ्या प्रकल्पात टेस्टर म्हणून सक्रिय आहे. पहिली अट तिच्या एका रोने भागवली, दुसरी अट दुसऱ्या रोने, आणि व्यक्ती यादीत आली. दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात द्या, म्हणजे त्या एकाच रोवर तपासल्या जातील. मॉडेलच्या स्वतःच्या फील्डवर साखळी लावली काय किंवा एकत्र लिहिलं काय, निकाल तोच येतो. त्यामुळे ही चूक रिव्ह्यूमध्येही सहज निसटते. शंका आली की क्वेरीसेटचं (जँगोत लिहिलेल्या क्वेरीचं) एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला जाणारी प्रत्यक्ष क्वेरी, प्रिंट करून बघा. सदस्यत्वाचं टेबल दोनदा जोडलेलं दिसलं, तर गडबड तिथेच आहे.

साखळी मुळात वाईट आहे असं मात्र नाही. कधी ना कधी प्रमुखही होती आणि टेस्टरही होती अशी व्यक्ती शोधायची असेल, तर साखळीच लागते. एकाच रोमध्ये भूमिका दोन्ही कशी असणार?

प्रश्न: आता अटी बरोबर आहेत, पण एकच व्यक्ती तीन-तीनदा येते. डुप्लिकेट रो काढणारं डिस्टिंक्ट लावू का?

उत्तर: ती तीन प्रकल्पांत प्रमुख असेल, तर जॉइनमधून तीन रो येणारच. डिस्टिंक्टने बहुतेकदा काम भागतं. पण जॉइन टेबलमधल्या तारखेवर सॉर्ट केलंत की ती तारीखही सिलेक्टमध्ये जाते, रो वेगवेगळे ठरतात आणि डुप्लिकेट परत येतात. शिवाय त्याच क्वेरीत बेरीज करत असाल, तर फुगलेले आकडे डिस्टिंक्ट दुरुस्त करत नाही. माझी पसंती एक्झिस्ट्सला: ‘असं सदस्यत्व आहे का’ एवढंच सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) विचारा. जॉइनच नाही, तर डुप्लिकेट कुठून येणार? जँगो ३.० पासून एक्झिस्ट्स थेट फिल्टरमध्ये देता येतं.

प्रश्न: सध्या कुठेही प्रमुख नसलेल्या व्यक्ती हव्या आहेत. त्याच दोन अटी एक्सक्लूडमध्ये (अटीत बसणारे गाळून टाकणाऱ्या उलट्या फिल्टरमध्ये) टाकल्या तर?

उत्तर: नको. फिल्टरचा ‘एकाच कंसात म्हणजे एकच रो’ हा नियम एक्सक्लूडला तसाच लागू होत नाही. वरची जुनी प्रमुख आणि आजची टेस्टर असलेली व्यक्ती तुमच्या यादीत असायला हवी, पण एक्सक्लूड तिलाही गाळून टाकेल. इथेही एक्झिस्ट्सच वापरा, फक्त नकारार्थी करून.

प्रश्न: सक्रिय सदस्य असलेले प्रकल्प बरोबर मिळतात, पण प्रत्येक प्रकल्पाचे सदस्य काढले की निष्क्रिय लोकही दिसतात.

उत्तर: तुमच्या फिल्टरने प्रकल्प निवडले, त्यांच्या आतली यादी नाही. सदस्य मागताना वेगळी क्वेरी जाते आणि तिला तुमच्या अटीचा पत्ताच नसतो. प्रीफेच ऑब्जेक्टला (संबंधित नोंदी आधीच आणून ठेवणाऱ्या) गाळलेला क्वेरीसेट द्या आणि निकाल वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा. नाहीतर पुढे कुणीतरी तीच संपूर्ण यादी समजून वापरेल. मी तर अशा वेळी सदस्यत्वच प्रीफेच करते आणि त्यातून व्यक्तीपर्यंत जाते. भूमिका दाखवायची असेल तर तीही हाताशी असते.

प्रश्न: लॅरॅव्हेलमध्ये (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) व्हेअर-पिव्हट, म्हणजे जॉइन टेबलच्या कॉलमवरची अट, नात्यावर चालतं, पण संबंधित नोंद आहे का ते तपासणाऱ्या व्हेअर-हॅजच्या आत ‘पिव्हट’ नावाचा कॉलम सापडत नाही म्हणून एरर येते.

उत्तर: आतल्या फंक्शनला नातं नाही, नुसता क्वेरी बिल्डर मिळतो. व्हेअर-पिव्हट त्याच्या ओळखीचं नसल्याने तो ‘पिव्हट’ नावाच्या कॉलमवरची अट समजतो. साधं व्हेअर वापरा आणि कॉलमच्या आधी जॉइन टेबलचं नाव टिंब देऊन लिहा.