अवकाशातली वीज आणि मुलीची ब्रँच

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. अवकाशात सोलर पॅनेल लावून वीज पृथ्वीवर पाठवायचं शिक्षण घ्यायचंय म्हणते. तिचे काका म्हणतात, असली नोकरीच नसते, गुपचूप कॉम्प्युटर घ्या. काय करावं? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, काका निम्मे बरोबर आहेत. या नावाची नोकरी शोधायला गेलात तर चपला झिजतील. पण पोरगी हवेत बोलत नाहीये. पीटर ग्लेझर या अभियंत्याने ही कल्पना १९६८ मध्ये मांडली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने अवकाशात मायक्रोवेव्ह लहरींनी फूटभर अंतरावर ऊर्जा पाठवून दोन एलईडी पेटवले. तो झोत पॅसाडेनातल्या त्यांच्या गच्चीवरही टिपला गेला. वीज म्हणाल तर नावापुरती. आणि नासाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ही वीज जमिनीवरच्या पर्यायांपेक्षा कितीतरी महाग पडेल.

म्हणून 'स्पेस सोलर' नावाचा कोर्स शोधू नका. कुणाच्या ब्रोशरमध्ये दिसलाच, तर फी विचारण्याआधी लॅब बघा.

पॅनेल काय, आपल्या छपरांवरही आहेत. खरी गोम वीज खाली पाठवणाऱ्या मायक्रोवेव्हच्या झोतात आहे. तिला हे गणित घाला : वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण ५.२ सेंमी. उपग्रह ३६,००० किमीवर, त्याचा अँटेना १ किमी व्यासाचा. विवर्तनाच्या, म्हणजे लहरी पसरण्याच्या सूत्राने झोताचा जमिनीवरचा मुख्य ठिपका किती रुंद? साडेचार किमीच्या आसपास येतो. तेवढ्या पट्ट्यात ऊर्जा झेलणारी जाळी उभारायची! हे सोडवताना ती जेवायला उठली नाही, तर डोळे झाकून ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. पॅनेल कशाचं बनतं यातच जीव रमत असेल, तर भौतिकशास्त्र किंवा मटेरियल्स.

अँटेना आणि मायक्रोवेव्ह पक्कं शिकलेल्या माणसाला रडार, मोबाइल नेटवर्क, उपग्रह दळणवळण सगळीकडे काम आहे. मुंबईतली 'समीर' ही सरकारी संस्था तर याच विषयाची. अवकाशातली वीज आली तर उत्तम, नाही आली तरी पोट भरतं. काकांना हे सांगा.

तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश-शिक्षणाच्या संस्थेला जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते, सीईटी चालत नाही, तयारी आत्तापासूनच. नाही जमलं तर पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह २०१६ मध्ये पीएसएलव्हीने सोडला होता.

आणि विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात प्रदर्शन भरतं. तिला घेऊन जा, जमलं तर काकांनाही.