गावच्या जत्रेत पिऊन गाडी चालवणाऱ्यांना मंडळाने कसं रोखावं?

नुसते फलक लावून कोणी थांबत नाही, चावीच अडवावी लागते. सगळ्या गाड्या एकाच रानात लावायला सांगा, बाहेर पडायची वाट एकच ठेवा. चावीला नंबराचा बिल्ला अडकवा, जोडीचा बिल्ला मालकाकडे. साताऱ्याकडे मटणाच्या पंगती उठल्या की पाहुणे एकदमच निघतात, तेव्हा चावी द्यायला वयस्कर, न पिणारा माणूस हवा. पोरगं बसवलं तर भावकीतला दमदाटी करून चावी नेतोच. लिंबूपाण्याने नशा उतरत नाही, वेळच जावा लागतो. तोवर आडवं व्हायला देवळाच्या ओवरीत सतरंज्या टाका. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तरीही कोणी निघालाच, तर गाडीचा नंबर लगेच ११२ वर कळवा.