एकाच खोलीत सगळ्यांना अ‍ॅक्युपंक्चर: स्वस्त का, आणि कंबरदुखीसाठी जावं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये एका खोलीत आठ-दहा जणांना एकदम सुया लावणारं क्लिनिक आहे, फी अगदी कमी. कंबरदुखीसाठी जावं, की स्वस्त म्हणून उपचारही तसाच असेल?

जरूर जा. फी कमी होते ती वेळेच्या आखणीमुळे, सुया त्याच असतात. खासगी क्लिनिकमध्ये तासभर एकच पेशंट असतो आणि त्यातला बराच वेळ तो सुया लावून नुसता पडलेला असतो. सामुदायिक क्लिनिकमध्ये तेवढ्यात उपचार करणारी व्यक्ती पुढच्या खुर्चीकडे जाते. तासाला चार ते सहा जण होतात. ही पद्धत तुमच्याच गावात, ‘वर्किंग क्लास अ‍ॅक्युपंक्चर’ या क्लिनिकने 2002 पासून रुळवली. त्यांची सुरुवातीची सरकती फी 15 ते 35 डॉलर होती. सरकत्या फीमधली रक्कम तुम्ही ठरवायची, पगाराचा दाखला लागत नाही.

कंबर दुखते आणि सुई हातात, याचं पहिल्यांदा सगळ्यांना नवल वाटतं. मागे रेलणाऱ्या खुर्चीत कपडे न काढता बसायचं असल्यामुळे सुया कोपराखाली, गुडघ्याखाली, डोक्यावर आणि कानात लावतात. कंबरेसाठी हाताच्या पाठीवर, तर्जनी-मध्यमा आणि अनामिका-करंगळी यांच्या हाडांमधल्या खाचेत सुई लावायचे बिंदू आहेत. शिवाय घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे एक. छाती आणि पाठीला सुई लागत नसल्यामुळे फुप्फुसाला इजा होण्याचा सर्वांत गंभीर धोकाही जवळपास उरत नाही. सैल बाह्यांचा शर्ट आणि गुडघ्यापर्यंत सरकणारी पँट घाला.

सुई साधारण 0.16 ते 0.25 मिलिमीटर जाड, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची. पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं. जडपणा किंवा मंद ठणका चालतो. झटका किंवा जळजळ झाली तर लगेच सांगा, सुई थोडी मागे घेतली की थांबते. लावल्यावर हातपाय हलवू नका. स्नायू आवळला की सुई वाकते, अडकते.

उपाशीपोटी जाऊ नका, त्याने चक्कर येऊ शकते. घाम फुटला, मळमळलं तर हात वर करा. सुया काढून, आडवं करून पाय उंच ठेवले की बरं वाटतं. गजबजलेल्या खोलीत हमखास होणारी चूक म्हणजे एखादी सुई राहून जाणं, तीही केसांत किंवा कानात. म्हणून किती लावल्या ते विचारून ठेवा आणि निघताना तेवढ्या मोजून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. बोलणं खोलीतच, हलक्या आवाजात होतं. खासगी काही असेल तर बाजूला बोलायची विनंती करा.

एका फेरीत निकाल लावू नका. जुनाट कंबरदुखीत गुण येतो तो माफक आणि हळूहळू, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा, सहा-आठ वेळा जाऊन बघा. कमी फीचा खरा उपयोग हाच. तरीही फरक नसेल तर थांबवा. मात्र पायात अशक्तपणा, जांघेत बधिरता, लघवीवरचा ताबा जाणं किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर आधी डॉक्टरकडे जा, तेही त्याच दिवशी.