इंग्लंडमध्ये भारतीय जोडप्याला वंशावरून दत्तक मूल नाकारता येतं का? की सरळ भारतातूनच घ्यावं?

नाही येत. आता सविस्तर.

तुम्ही लिहिलंय की कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) बाईंनी फोनवरच "तुमच्या बॅकग्राउंडची मुलं आमच्याकडे नाहीत" असं सांगितलं आणि तुम्ही दोघं गप्प बसलात. हे वाचून मी रात्री साडेअकराला पुन्हा चहा टाकला. कारण हेच वाक्य मी २०१३ मध्ये ऐकलंय आणि त्यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं.

आम्ही मिडलंड्समध्ये राहतो. मी मिरजेची, नवरा साताऱ्याचा. उपचार करून करून थकलो होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी मी मराठी मंडळाच्या गणपती वर्गणीच्या पावतीमागे सात प्रश्न लिहून ठेवले होते. किती वयापर्यंतचं मूल मिळेल, भावंडं एकत्र देतात का, माझी नाइट ड्यूटी आड येईल का, असले. बाईंनी नाव विचारलं, आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं आणि तिसरा प्रश्न, तुमचं मूळ कुठलं? मी म्हटलं, भारत. पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता तो थांबला. मग अतिशय गोड आवाजात, सध्या आमच्याकडची बहुतेक मुलं गोरी आहेत, तुम्हाला उगाच ताटकळत ठेवणं बरं नाही, भारतात चौकशी केलीत का? मी सांगितलं, आम्हाला कुठलंही मूल चालेल. तेही तिने कुठे टिपून घेतलं नाही, कीबोर्ड वाजलाच नाही. सातातला एकही प्रश्न विचारून झाला नव्हता. आणि फोन ठेवताना मी "थँक यू" म्हणाले. तो नकार एक वेळ विसरेन, पण ते थँक यू अजून टोचतं.

मला तक्रार करायची होती. नवरा म्हणाला, "आपण बाहेरून आलेली माणसं, कशाला वाकड्यात शिरायचं?" हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा त्याने नंतर शोधून काढला, की तेव्हाचा कायदाच तसा होता.

होता का? २००२ च्या अडॉप्शन अँड चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये तेव्हा असं होतं की मूल कुठे द्यायचं ते ठरवताना एजन्सीने मुलाचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा योग्य विचार करावा. विचार करावा! दार लावून घ्यावं असं त्यात कुठे आहे? आणि विचार करायचा तो त्या मुलाचा. आमच्या फोनच्या वेळी समोर कुठलंच मूल नव्हतं, नुसती माझ्या आडनावाची स्पेलिंग होती. पुढे २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टने इंग्लंडपुरता तो मजकूर काढूनच टाकला. "जुळणारं" घर शोधण्याच्या नादात काळी मुलं गोऱ्या मुलांपेक्षा जास्त काळ ताटकळत होती, म्हणून. तुमचा फोन तर त्यानंतरचा आहे, तेव्हा तुमच्या नवऱ्याला हा मुद्दा काढायला जागाच नाही.

आणि इक्वालिटी अ‍ॅक्ट, म्हणजे भेदभावाला बंदी करणारा कायदा, २०१० चा आहे. म्हणजे माझ्या फोनच्याही आधीचा. त्यात वंश म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ, सगळं येतं. "बाहेरून आलेली माणसं" त्यातच बसतात. पहिला मुद्दाही खलास.

हे मी बोलत होते तेव्हा घरात कुणी ऐकत नव्हतं. मग डिसेंबर २०१९ मध्ये मँडर दांपत्याचा निकाल आला. संदीप आणि रीना मँडर, ब्रिटनमध्येच जन्मलेलं शीख जोडपं. २०१६ मध्ये त्यांना विंडसर अँड मेडनहेड कौन्सिलच्या भागात असंच सांगितलं गेलं होतं, आमच्याकडे गोरी मुलं आहेत, तुम्ही भारतातून बघा. त्यांनी कुठलंही मूल चालेल म्हणून सांगितलं होतं, तरी अर्जापर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही. त्यांच्या खासदार होत्या खुद्द थेरेसा मे, ब्रिटनच्या माजी पंतप्रधान, त्यांनी कौन्सिलला लिहून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी इक्वालिटी अँड ह्यूमन राइट्स कमिशन या समान हक्कांसाठीच्या सरकारी संस्थेच्या पाठबळावर दोघं कोर्टात गेले आणि ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने हा वंशावरून केलेला थेट भेदभाव आहे असं ठरवलं. दोघांना प्रत्येकी २९,४५४ पौंड, शिवाय परदेशातून मूल दत्तक घ्यायला झालेला सुमारे ६०,००० पौंडांचा खर्च. (तोवर त्यांनी अमेरिकेतून मूल घेतलं होतं.)

ती बातमी मी प्रिंट काढून फ्रिजवर लावली. नवरा दूध काढायला आला, वाचली आणि म्हणाला, "ते इथं जन्मलेत गं." मी त्याच फ्रिजच्या दारावर त्याला वंशाची व्याख्या पेनाने लिहून दाखवली.

आमचं पुढे काय झालं? आम्ही दुसऱ्या काउंटीतल्या एका खाजगी, म्हणजे कौन्सिलच्या नसलेल्या एजन्सीकडे गेलो. हे तुम्हालाही करता येतं, आपल्याच कौन्सिलकडे जायची सक्ती नाही. मान्यतेचा पहिला टप्पा साधारण दोन महिने, दुसरा चार, मग पॅनेल, म्हणजे आपली पारख करणारी समिती. मुलगा आमच्याकडे आला तेव्हा तीन वर्षांचा होता. आई आयरिश, वडील बांगलादेशातल्या सिल्हेटचे. सोशल वर्कर इतकी खूश, म्हणे अगदी परफेक्ट मॅच! कसली मॅच? रंग. पोरगा फिश फिंगर्सशिवाय काही खात नव्हता आणि अस्सल बर्मिंगहॅमी हेल काढून बोलायचा. आणि इकडे साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर काय म्हणाल्या? "बाई, अगदी आपल्यासारखाच दिसतो." त्या आधी दोन वर्षं "कुणाचं रक्त असेल काय माहीत" चालू होतं. त्या कौन्सिलच्या बाईत आणि सासूबाईंत मला फरक दिसत नाही, फक्त एकीवर दावा लावता येतो. बाकी मुलाची गोष्ट त्याची आहे, इथे लिहिणार नाही.

आता थोडी माघार. वंशाचा विचारच नको असं मी म्हणत नाहीये. आमच्या दत्तक पालकांच्या गटात एका गोऱ्या जोडप्याने काळी मुलगी घेतली होती. भली माणसं, पण तिचे केस रोज शांपूने धुवायचे आणि साध्या कंगव्याने विंचरायचे. केस तुटून तुटून गेले, ती वर्गात लोकरी टोपी काढेना. शेवटी एका जमेकन केशकर्तनवालीने दर शनिवारी तिला पुढ्यात बसवून वेण्या घालायला आईलाच शिकवलं. काळी मुलं काळ्या घरातच द्या, असं जे भांडण काळ्या सोशल वर्करांनी ऐंशीच्या दशकात मांडलं होतं ते उगाच नव्हतं. पण शिकता येतं ना? मग शिकवा, तपासा, पॅनेलवर घाम काढा. फोनवर आडनाव ऐकून कटवू नका.

अजून काही अटी. फॉस्टरचं, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळण्याचं, वेगळं आहे, तिथे १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये वंश-भाषेचा विचार करायचं कलम अजून आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये दत्तकासाठीही आहे. मँडर निकाल काउंटी कोर्टाचा, त्यामुळे दुसऱ्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही. आणि मी नर्स आहे, वकील नाही.

भारतातून घ्यावं का, याचं उत्तर मी नीट देऊ शकणार नाही, कारण "भारतात जा" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एवढं लक्षात घ्या की त्यासाठीही होम स्टडी, म्हणजे आपली आणि घराची तपासणी, इंग्लंडमध्येच होते, तीही आपल्या पैशाने, आणि मग कारा या भारतातल्या सरकारी दत्तक संस्थेची रांग. म्हणजे ज्यांनी तुम्हाला कटवलं तसल्याच ऑफिसात परत जायचं. भारतातूनच हवं असेल तर जरूर घ्या, पण कुणी हाकललं म्हणून नको.

तुमचा तो फोन नेमका कुठल्या तारखेला झाला हे प्रश्नात नाही. तारीख बघा, कारण अशा दाव्याला सहा महिन्यांना एक दिवस कमी एवढीच मुदत असते. आज रात्रीच त्या ऑफिसला ईमेल टाका, अमुक दिवशी फोनवर आम्हाला असं सांगण्यात आलं, हे बरोबर आहे का, कारण लेखी कळवा. आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझा तो फोन नवऱ्याने पुढच्याच वर्षी पंधरा पौंडांना विकला.