दूषित पाण्यामुळे कर्करोग झाला असेल तर नुकसानभरपाई मागता येते का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मिस्टरांना मूत्रपिंडाचा कर्करोग निघालाय. जुन्या घरी अकरा वर्षं ज्या विहिरीचं पाणी नळाला यायचं, तिच्यात शेजारच्या कारखान्याचं ट्रायक्लोरोएथिलीन (धातूवरचं तेल-वंगण काढायला वापरतात ते रसायन) झिरपत होतं, हे आता उघड झालंय. भरपाई मागता येईल का आणि सुरुवात कुठून करायची, असा तुमचा प्रश्न आहे.

ताई, मागता येते. पण पाणी खराब होतं हे सिद्ध झालं आणि आजार झाला हेही सिद्ध झालं, तरी तेवढ्याने दावा उभा राहत नाही. मधला दुवा तुम्हालाच दाखवावा लागतो, आणि तो दुवा बहुतेक वेळा तारखांचा असतो. मी वकील नाही. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार झाला, रसायनही हेच होतं. आमचा दावा सहा वर्षं चालला आणि तडजोडीत मिटला. त्या सहा वर्षांत जे शिकलो ते सांगतो.

आधी मुदतीचं, कारण ती आत्ताही सरते आहे. दावा दाखल करायला प्रत्येक देशाच्या कायद्याने वेळ घालून दिलेली असते. ती कधीपासून मोजायची, यावरच कितीतरी दावे बुडतात. काही ठिकाणी आजार आणि त्याचं कारण कळलं त्या दिवसापासून मोजतात, काही ठिकाणी प्रदूषण करणाऱ्याच्या शेवटच्या कृत्यापासून. दुसरी पद्धत फार क्रूर आहे, कारण कर्करोग यायला कधीकधी वीस-तीस वर्षंही लागतात. चिलीतल्या अँटोफागास्टा शहराला १९५८ ते १९७० या काळात भयंकर आर्सेनिक असलेलं पाणी मिळत होतं. पुढे शुद्धीकरण सुरू झालं, पाणी सुधारलं, तरी फुफ्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण नंतर कित्येक दशकं चढंच राहिलं. आजार इतका उशिरा येणार आणि मुदत मात्र नळ बंद झाला तेव्हापासून मोजणार, तर माणसाने करायचं काय?

अमेरिकेत नेमकं हेच झालं. नॉर्थ कॅरोलिनात शेवटच्या कृत्यापासून दहा वर्षांची मर्यादा होती आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्याच राज्यातल्या कॅम्प लेजून या लष्करी तळावर दूषित पाणी प्यायलेल्या कुटुंबांचा रस्ता त्यामुळे बंद झाला होता. शेवटी त्यांच्यासाठी १० ऑगस्ट २०२२ ला वेगळा कायदा करावा लागला. १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ या काळात किमान ३० दिवस तळावर राहिलेल्यांना किंवा काम केलेल्यांना त्याखाली दावा करता आला, आणि त्यालाही दोनच वर्षं दिली होती. ती खिडकी १० ऑगस्ट २०२४ ला बंद झाली.

भारतातली वाट सांगायची तर, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायालयाकडे) भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. उशिराचं सबळ कारण असेल तर वर फक्त साठ दिवस मिळतात. तिथली जमेची बाजू अशी की २०१० च्या त्या कायद्यात भरपाईसाठी कारखान्याची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. घातक धंदा करणाऱ्याने अपाय झाला तर भरून द्यायचंच, सबब चालणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात मांडलं होतं. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी नासल्या त्या प्रकरणातही तेच वापरलं. पण चूक सिद्ध करावी लागत नाही याचा अर्थ दुवा सिद्ध करावा लागत नाही असा नाही. आमच्या घरी सुरुवातीला हाच गैरसमज होता. म्हणून वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा: आमची मुदत कोणत्या तारखेपासून मोजली जाईल? ज्या दिवशी डॉक्टरांनी निदान सांगितलं आणि ज्या दिवशी पाण्याची बातमी तुम्हाला कळली, त्या दोन्ही तारखा पुराव्यासह लिहून ठेवा.

आता दुव्याकडे येऊ. कोर्टात दोन वेगळे प्रश्न येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला: हे रसायन माणसाला हा कर्करोग करू शकतं का? दुसरा: तुमच्या मिस्टरांना तो यानेच झाला का?

पहिल्या प्रश्नात तुमची बाजू बरीच भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ट्रायक्लोरोएथिलीन पहिल्या गटात टाकलं. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा त्याचा अर्थ, आणि तो पुरावा मुख्यतः मूत्रपिंडाच्याच कर्करोगाचा आहे. सगळ्यांचं नशीब असं नसतं. बेंझिनचं नातं रक्ताच्या कर्करोगाशी आहे, आर्सेनिकचं त्वचा, फुफ्फुस आणि मूत्राशयाशी. पाण्यात एक रसायन आणि आजार भलत्याच अवयवाचा असेल तर दावा पहिल्याच पायरीवर अडखळतो.

दुसरा प्रश्न अवघड. समोरचा वकील विचारणार: हा आजार ते पाणी न पिणाऱ्यांनाही होतो, मग यांना तो पाण्यानेच झाला कशावरून? यामागचं गणित समजून घ्या. समजा एरवी हजारात दहा जणांना एखादा कर्करोग होतो आणि ते पाणी पिणाऱ्या हजारात वीस जणांना झाला. म्हणजे वीसातले दहा पाण्यामुळे, दहा तसेही झाले असते. कोण कुठल्या दहातला, हे पेशीकडे बघून सांगता येत नाही. म्हणून काही न्यायालयं धोका दुपटीहून जास्त दिसला पाहिजे असं धरतात. कॅम्प लेजूनच्या कायद्याने ही कसोटी थोडी हलकी केली होती: पाण्यामुळे झाल्याची शक्यता न झाल्याच्या शक्यतेइतकी तरी असली तरी पुरे.

सी-८ नावाच्या रसायनाचं प्रकरण मला या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते पाण्यात गेलं. २००१ मध्ये सामूहिक दावा झाला. पुढच्या तडजोडीत असं ठरलं की तीन साथरोगतज्ज्ञांचं मंडळ नेमायचं आणि ते म्हणेल ते दोघांनी मानायचं. सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिलं, आजारांची माहिती दिली. २०१२ पर्यंत मंडळाने सहा आजारांशी संभाव्य संबंध दाखवला. त्यांत कर्करोग दोनच होते, मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा. त्यानंतर पहिला प्रश्न निकालात निघाला, कंपनीला तो उकरून काढता आला नाही. तरीही ज्याने त्याने स्वतःचा आजार स्वतः सिद्ध करायचाच होता. २०१७ मध्ये सुमारे साडेतीन हजार दावे मिळून ६७ कोटी डॉलरवर मिटले. दावा केल्यापासून सोळा वर्षं लागली.

तारखांचं महत्त्व वोबर्नवरून कळतं. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात मुलांना रक्ताचा कर्करोग होत होता आणि १९७९ मध्ये गावाला पाणी देणाऱ्या दोन विहिरी रसायनं सापडल्यामुळे बंद केल्या. आठ कुटुंबं कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेली. १९८६ मध्ये खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी त्याचे टप्पे पाडले. ज्यूरीपुढे (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे) पहिल्या टप्प्यात प्रश्न एवढाच होता: रसायन विहिरीपर्यंत पोचलं का, आणि पोचलं तर कोणत्या महिन्यात? आजारपणाबद्दल त्या मुलांच्या आया तोवर एक शब्द बोलू शकल्या नव्हत्या. उत्तरं गोंधळाची आली, एक कंपनी सुटली, दुसरीने ८० लाख डॉलरवर मिटवलं, आणि त्या मुलांची गोष्ट ज्यूरीने ऐकलीच नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. पण तेव्हाच कळलं की आमच्याकडेही तारखा आहेत का हे आधी बघायला हवं.

म्हणून आज रात्रीच एक तक्ता करायला बसा. डावीकडे वर्षं. शेजारी: त्या वर्षी राहायला कुठे होतात, पाणी कुठलं यायचं, मिस्टर दिवसभर कुठे असायचे, तिथलं पाणी कुठलं. विहीर कधी सुरू झाली, कधी बंद झाली, पाण्याचा पहिला वाईट अहवाल कोणत्या तारखेचा. मग प्रत्येक ओळीसमोर कागद शोधा. आमच्याकडे भाडेकरार हरवला होता. भाऊ त्या घरी किती वर्षं राहिला यावर समोरची बाजू अडून बसली. शेवटी आईच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी भाडेपावत्यांचा गठ्ठा निघाला, सुतळीने बांधलेला, प्रत्येक पावतीवर जांभळा शिक्का. मधल्या चार महिन्यांच्या पावत्या नव्हत्या, त्या भावाच्या लसीकरणाच्या कार्डावरच्या पत्त्याने भरून निघाल्या. आमच्या तज्ज्ञांच्या जाडजूड अहवालापेक्षा त्या गठ्ठ्याने जास्त काम केलं, असं मला आजही वाटतं. पाणीपट्टीची बिलं, शाळेचे दाखले, पगारपत्रकं, जुन्या पत्रांवरचे पत्ते, काहीही टाकू नका.

दवाखान्याकडून फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन थांबू नका. ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली असेल तर गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. हे ब्लॉक काही वर्षांनी नष्ट केले जातात. ‘दावा करायचा आहे, ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवा’ असं लेखी द्या आणि पोच घ्या. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रकार असतात आणि तज्ज्ञ नेमक्या प्रकारावर बोलतात, म्हणून हा ठोकळा मोलाचा.

मिस्टर सिगारेट ओढत असतील, वजन जास्त असेल, रक्तदाब असेल, कामावर रसायनं हाताळत असतील, तर वकिलांना स्वतःहून सांगा. ही सगळी मूत्रपिंडाच्या कर्करोगाची दुसरी कारणं मानली जातात आणि समोरची बाजू ती शोधून काढणारच. आधी कळलं तर तुमचा तज्ज्ञ ती तोलून उत्तर देईल. लपवलं आणि मग उघडं पडलं, तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

विहीर अजून असेल तर पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. घरच्या बाटलीत भरून नेऊ नका, हे रसायन हवेत उडून जातं. आमच्याकडे आलेल्या मुलीने काचेची छोटी कुपी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि उलटी करून बोटाने टिचकी मारली. आत हवेचा एवढासा बुडबुडा दिसला, तर ती ओतून टाकून दुसरी भरली. मग चिठ्ठीवर वेळ, सही, कुपी कुणाच्या हाती दिली त्याचं नाव. ही चिठ्ठीची साखळी तुटली तर अहवाल कोर्टात टिकत नाही. आणि पाणी किती प्यायचे एवढंच नको, गरम पाण्याने अंघोळ किती वेळ, न्हाणीघर बंद असायचं का, हेही लिहा, कारण हे रसायन वाफेतून श्वासातही जातं.

भरपाईत उपचाराचा झालेला आणि पुढे लागणारा खर्च, बुडालेली कमाई, शारीरिक-मानसिक यातना असं मागता येतं. माणूस गेला तर वारसांना दावा चालवता येतो. फीबद्दल आधीच लेखी ठरवा. अमेरिकेत वकील मिळालेल्या रकमेतला हिस्सा घेऊ शकतात, भारतात वकिलांना तसं ठरवायला मनाई आहे. कारखान्याचा माणूस मदत म्हणून रक्कम घेऊन घरी आला तर सही करू नका. आमच्याकडे आलेल्या कागदात तिसऱ्या पानावर ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशी ओळ होती.

शेवटचं लिहिताना हात जड होतो, पण सांगायलाच हवं. मिस्टरांची साक्ष लवकर नोंदवून घेता येईल का, हे वकिलांना विचारा. आजारी साक्षीदाराचा जबाब खटल्याआधी, घरी किंवा दवाखान्यात जाऊन घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. त्यांना झेपत असेल अशा सकाळी घ्या, दोन बैठकांत घ्या. माझ्या भावाचा जबाब खाटेवर झाला. समोरच्या वकिलाने विचारलं, इतक्या वर्षांपूर्वी रोज किती पाणी प्यायचात हे कसं आठवतं? भाऊ म्हणाला, खेळून आलो की अंगणातल्या नळाला तोंड लावायचो आणि आई आतून ओरडेपर्यंत सोडायचो नाही. सतरा दिवसांनी तो गेला. तडजोडीच्या बैठकीत त्याचं ते वाक्य आमच्या वकिलांनी वाचून दाखवलं.