कॉर्म, गड्डा आणि कात्री

खानापुराकडच्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलंय : "कॉर्मला मराठीत नेमकं काय म्हणायचं? भाषांतर केलेल्या एका लेखात 'घनकंद-३ मुळे उंदरांच्या हृदयाचं रक्षण झालं' असं वाचलं. हा कुठला कंद? त्यातून कार्बन मोनॉक्साइड कसा सुटतो?"

पोरी, तो कंदच नव्हे. भाषांतर यंत्राने केलंय आणि माणसाने डोळे मिटून पुढे ढकललंय. 'कार्बन मोनॉक्साइड रिलीझिंग मॉलिक्यूल' या लांबलचक इंग्रजी नावाची अक्षरं जुळवून कॉर्म झालं, आणि यंत्राने त्याचा 'घनकंद' केला. जमिनीतल्या कॉर्मशी, म्हणजे सुरणासारख्या भरीव खोडाशी, त्याचं नातं घरपट्टीच्या कराचं हाताच्या कराशी असतं तेवढंच. २००२ साली संशोधक मोटेरलिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संयुगं पुढे आणली. तिसऱ्या क्रमांकाचं संयुग रुथेनियम धातूचं, पाण्यात विरघळणारं. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलं तर जीव घेणारा तोच हा वायू. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. पण जुन्या हिमोग्लोबिनचा हीम, म्हणजे त्यातला लोहाचा भाग, मोडताना आपलं शरीरही तो चिमूटभर तयार करतं, आणि तेवढ्या मात्रेत तो रक्तवाहिन्या सैल करतो, दाह कमी करतो. म्हणून तो नेमका, मोजून सोडणारे रेणू हवेत, ही कल्पना. पुढे काही संशोधकांनी शंका काढली की गुण वायूचा की रुथेनियमचा, कारण यातले काही रेणू चाचणीत वापरलेल्या डायथायोनाइट या रसायनामुळेच वायू सोडत होते. तो वाद रसायनवाल्यांनी निस्तरावा. मला चीड आहे ती 'घनकंद-३'ची.

आता खरा कॉर्म. पारिभाषिक पुस्तकांत 'घनकंद' आणि 'दृढकंद' असे दोन शब्द भेटतात. दोन्ही मला पटत नाहीत. कंद म्हटलं की रताळं, बटाटा, कांदा, आलं सगळं एका पोत्यात! रताळं हे मूळ. कांदा म्हणजे पानांचे जाड बुडखे. कॉर्म मात्र खोड आहे, आखूड झालेलं, भरीव, जमिनीत बसलेलं. सुरण चिरून बघ. कांद्यासारखा एकही पापुद्रा निघत नाही, सुरी थेट गरात जाते. वर गोल वळ्या दिसतात, त्या खोडाच्या पेरांच्या खुणा, आणि मधोमध डोळा. अळकुडी, केशर, ग्लॅडिओलस ही सगळी याच घरची. केशराला तर बी धरतच नाही, कारण त्याच्या गुणसूत्रांचे संच दोनऐवजी तीन. जुन्या गड्ड्याच्या डोक्यावर नवे गड्डे बसतात, जुना सुकून जातो, आणि माणसाने ते उपटून पुन्हा लावले तरच वंश चालतो.

बघ, मी लिहिता लिहिता 'गड्डा' म्हणून गेलो. तोंडात तोच येतो, कारण तोच शब्द आहे! इकडे सीमाभागात रविवार पेठेत परवा सुरण विचारला तर मावशी म्हणाल्या, "सुवर्णगड्डी घ्या की ओ, खाजत नाही." मी मुद्दाम विचारलं, कंद का नाही म्हणत? "कंद म्हटलं तर कुणाला कळतंय ओ?" त्यांच्या एका बाजूला उळ्ळागड्डी, म्हणजे कांदा, दुसऱ्या बाजूला शामगड्डी, म्हणजे अळकुडी. कानडीत जे जमिनीत फुगतं ते गड्डे, आणि आमच्या भागात शेवटचा 'ए' जिभेवर 'ई' होतो.

यावर काही पंडित सांगतात की मराठी गड्डा हा संस्कृत 'गडु'पासून आला. गडु म्हणजे मानेवरची गाठ, कुबड. म्हणजे गलगंडावरून लसणाचा गड्डा? या मंडळींनी भाजी कधी स्वतः आणलेली दिसत नाही. कानडीत गड्डे, तेलुगूत गड्ड, आणि दोन्हीकडे ढेकूळ ते कंद असे अर्थ नांदतात. शब्द भाज्यांसोबत घाटावर चढला की ग्रंथातून उतरला, हे ठरवायला फार विद्वत्ता लागू नये. किटेलने १८९४च्या कन्नड कोशाच्या प्रस्तावनेत द्राविडीतून संस्कृतात गेलेल्या शब्दांची यादीच दिली आहे. सीमाभागात शब्दाचं मूळ कानडी निघालं की आपल्या लोकांना उगाच हरल्यासारखं का वाटतं, कोण जाणे. आणि जाता जाता, 'रस्त्यात गड्डे पडलेत' म्हणणाऱ्यांनो, तो हिंदीतला गड्ढा. आपला तो खड्डा. गड्डा फुगलेला असतो हो, खोलगट नव्हे!

पण मला खरी गोडी आहे ती कॉर्मच्या व्युत्पत्तीची. ग्रीक 'कोर्मोस' म्हणजे फांद्या छाटून उरलेलं खोड. त्यामागे 'केइरेइन', म्हणजे कापणे, कातरणे. त्याच्याही मागे 'कापणे' अर्थाचा जो इंडो-युरोपीय धातू मानतात, त्याच्याच कुळातला आपला 'कृन्तति', त्यातून कर्तरी, त्यातून कात्री. सोलून काढलेलं 'चर्म'ही तिथलंच मानतात. म्हणजे कॉर्म, कात्री आणि चर्म चुलतभावंडं! सुरणाची लावण करताना आजी एकेका तुकड्यात डोळा राहील अशा बेताने गड्डा कापायची, तेव्हा ती व्युत्पत्तीच राबवत होती असं मला वाटतं. खोड आणि छाटणं, दोन्ही त्या एका ग्रीक शब्दात आहेत. आमच्या परिभाषाकारांना घट्टपणा तेवढा दिसला.

म्हणून माझ्यापुरतं वनस्पतीच्या कॉर्मला 'गड्डा', फार तर 'खोडगड्डा'. आणि तुझ्या उंदरांच्या औषधाला 'वायुमोचक रेणू'. मोचक म्हणजे सोडणारा. इथे एक गंमत सांगायची राहिली. संस्कृतात 'मोचा' म्हणजे केळ, आणि केळीचं आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नसतंच, ते एकात एक गुंडाळलेले पानांचे बुडखे. खरं खोड खाली मातीत, ज्याच्या डोळ्यांतून मुनवे फुटतात, तो गड्डा.