आधी पाण्याला वाट, मग जिप्समची पिशवी

महिनाभरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतून जे प्रश्न आले, त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे आहेत. काळी भारी जमीन, पाणी मुरत नाही, ऊस पिवळा पडतो, टनेज उतरलं. पावसाळ्याला अजून दीड-दोन महिने आहेत, म्हणून उत्तरं आत्ताच देतो. यातली बरीच कामं जूनमध्ये करताच येत नाहीत.

प्रश्न (शिरोळ तालुका): अडीच एकर काळं रान आहे. पूर्वी एकरी ५० टन ऊस जायचा, आता ३० ची मारामार. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरी खार दिसते. दुकानदार म्हणतो, एकरी दोन टन जिप्सम टाका आणि वरून क्षार घालवायचं लिक्विड सोडा, एका हंगामात रान गोड होईल. टाकू का?

उत्तर: नका टाकू. उभ्या उसात तर मुळीच नको.

खार दिसली की जमीन चोपण, आणि चोपण म्हटलं की जिप्सम, हा हिशोब दुकानात होतो. रानात दोन वेगळी दुखणी असतात. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, सामू (पीएच) ८.५ च्या आत असतो आणि वाट असेल तर पाणी बऱ्यापैकी खाली जातं. तिला गोडं पाणी आणि निचरा एवढंच औषध. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हाही एक क्षारच आहे, तो तिथं घालून काय साधणार? चोपण जमीन निराळी. तिच्यात सोडियम मातीच्या कणाला धरून बसतो. सामू ८.५ च्या वर जातो, कणाला धरलेला हा (विनिमययोग्य) सोडियम १५ टक्क्यांच्या वर जातो. ओली असताना पाय घसरतो, वाळली की कुदळ उडते. साचलेलं पाणी काळपट, कोऱ्या चहासारखं दिसतं, कारण मातीतला सेंद्रिय भाग विरघळून त्यात उतरतो.

या चोपण जमिनीत जिप्सम उपयोगाचा आहे, पण तो काम कसं करतो ते बघा. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकतो, सोडियम सल्फेट तयार होतं आणि ते पाण्याबरोबर खाली धुऊन जावं लागतं. तुमच्या रानात तीन फुटांवर पाणी उभं असेल तर ते जाणार कुठं? उन्हाळ्यात पुन्हा वर येणार. पाण्याला वाट नसेल तर पिशवी फोडू नका. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि इथंही परत सांगणार आहे.

आपलं रान कुठल्या प्रकारचं, याचा अंदाज घरी घेता येतो. काचेच्या स्वच्छ ग्लासात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या. विहिरीचं नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात. वाळलेलं आवळ्याएवढं ढेकूळ त्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ विस्कटलं, पण पाणी नितळ राहिलं तर सोडियमचं दुखणं फारसं नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि सकाळपर्यंत पाणी गढूळच राहिलं तर चोपणाचा संशय धरा. हा फक्त अंदाज आहे, त्यावर जिप्समची मात्रा ठरवायची नाही. मात्रा ठरते प्रयोगशाळेनं काढलेल्या जिप्समच्या गरजेवरून. दोन एकरांवरच्या दोन भावांच्या रानांत ती वेगवेगळी येते, मग दुकानदाराला तुमचं रान न बघता दोन टन कसं कळलं?

गेल्या मे महिन्यात याच भागातल्या एका रानात गेलो होतो. मुलानं जिप्समच्या ४० पिशव्या आणून गोठ्याशेजारी रचल्या होत्या. मी म्हटलं, आधी खड्डा काढू. पहिल्या फुटात माती काळी, टणक. दुसऱ्या फुटात ओल लागली. अडीच फुटांवर माती निळसर करडी, तिच्यात गंजासारख्या तांबड्या रेघा आणि सडक्या अंड्याचा वास. आम्ही चहा घेऊन परत आलो तोवर खड्ड्याच्या तळाला वीतभर पाणी जमलं होतं. ऐन मे महिन्यात! मुलाचे वडील म्हणाले, ‘साहेब, शेजारचा ओढा बुजवून तिथं लागण केल्यापासून असं झालंय.’ दुखणं त्यांना ठाऊक होतं. पिशव्या मात्र आल्या होत्या.

नदीकाठची आपली काळी माती मुळात वाईट नाही. तिच्यात निम्म्याहून जास्त चिकणमाती असते आणि तीही फुगणारी. वाळली की मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून भसाभस आत जातं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर तासाला एक ते पाच मिलिमीटरच पाणी आत शिरतं. अशा रानाला आठ दिवसांच्या फेरानं सरी भरून पाणी पाजलं तर मुळाला हवा कुठून मिळणार? वरून क्षारांची भर वेगळीच. समजा पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत. एकरात चार इंच पाणी दिलं म्हणजे चार लाख लिटर, म्हणजे एका पाळीला २०० किलो क्षार आपण स्वतः रानात ओतले. वर्षाच्या पाळ्या तुम्हीच मोजा.

म्हणून माझं म्हणणं एकच: चर काढा. रानाच्या उताराच्या बाजूला, बांधाला लागून, साडेतीन ते चार फूट खोल. काठ उभे ठेवू नका, चोपण माती ढासळते. वर रुंद, तळाला निमुळती अशी काढा. चरीचं तोंड ओढ्याला मिळालंच पाहिजे, नाहीतर ती चर नव्हे, डबकं झालं. यात एक-दोन गुंठे जातात म्हणून लोक कुरकुरतात. पण दोन गुंठे राखण्यासाठी १०० गुंठ्यांचं उत्पन्न घालवायचं, हा कुठला व्यवहार? एकट्याच्या चरीनं भागत नसेल तर वरच्या आणि खालच्या रानवाल्यांना एकत्र बसवा. ओढा कुणी बुजवला यावर भांडत बसू नका, तो उन्हाळ्यात मोकळा करून घ्या. जिथं पाणी फारच वर आहे तिथं जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकण्याची पद्धत शिरोळ भागात बऱ्याच जणांनी केली आहे आणि ती चालते. पण तीसुद्धा मुख्य चरीला तोंड असेल तरच.

चर झाली आणि अहवालात चोपण निघाली, तर मे महिन्यात जिप्सम वरच्या चार ते सहा इंचांत मिसळा. खोल नांगरटीनं गाडू नका. तो एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो, त्यामुळे एका हंगामात रान गोड होतं हे खोटं आहे. पावसाळ्याचं पाणी बांध घालून रानात धरा आणि चरीनं बाहेर काढा. मग जूनमध्ये धैंचा, म्हणजे गाडायचं हिरवळीचं पीक. एकरी २० किलो बी पेरा आणि ४५ ते ५० दिवसांनी फुलावर येताना गाडा. उशीर केलात तर खोड लाकडासारखं होतं आणि कुजत नाही. भारी रानाला धैंच्यासारखं दुसरं स्वस्त खत मला तरी ठाऊक नाही.

आणि ते लिक्विड: क्षार काही बाटलीतल्या औषधानं उडून जात नाहीत. ते पाण्याबरोबरच जातात.

प्रश्न (हातकणंगले तालुका): मागच्या जुलैत सलग पावसात सोयाबीन पिवळं पडलं. दुकानदारानं युरिया, ह्युमिक आणि लोहाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) सांगितली. साडेचार हजार गेले, फरक पडला नाही. यंदा काय करू?

उत्तर: यंदा सरी-वरंब्यावर किंवा रुंद वरंब्यावर टोकण करा. सपाट वाफ्यात पेरायचंच नाही. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींना हवा लागते. पाणी साचलं की गाठी नत्र देणं बंद करतात. त्यात साचलेल्या पाण्यात टाकलेल्या युरियाचा बराचसा नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणजे तुमचे पैसे हवेत गेले, शब्दशः.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते बघत जा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, म्हणजे केवडा. चुनखडीच्या भारी जमिनीत पाणी साचलं की हा केवडा हटकून येतो. अशा जमिनीत हिराकशीची (फेरस सल्फेटची) आळवणी वाया जाते, लोह मातीत अडकून बसतं. वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निघून रान मोकळं झाल्यावर, फवारणी करा: दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी. जास्त पिवळं आहे म्हणून १०० ग्रॅम घेऊ नका. पानं करपतात, आणि मग करप्यासाठी दुकानदार बुरशीनाशक देतो. असे करपलेले प्लॉट मी दरवर्षी बघतो. पाणी साचलेलं असताना खत नाही, फवारणी नाही, काही नाही. आधी फावडं घ्या.

प्रश्न (करवीर तालुका, नदीकाठ): पुराचं पाणी आठ-दहा दिवस उसात राहतं. २०१९ ला आणि २०२१ लाही पीक गेलं. पाणी उतरल्यावर लगेच कोणता डोस द्यावा?

उत्तर: लगेच कोणताही नाही. हा प्रश्न मला पूर ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर येतो आणि तोवर निम्म्या लोकांनी युरिया फेकलेला असतो. गुदमरलेलं मूळ खत उचलत नाही. सरी फोडून पाणी काढा, शेंडा चिरून बघा. आतला कोंब पांढरा, टणक असेल तर ऊस तगेल. कुजून वास मारत असेल तर त्या उसाला खत घालणं म्हणजे मढ्याला जेवण. असा ऊस आधी तोडीला लावा. तगलेल्याला वाफसा आल्यावर, मुळं पांढरी दिसायला लागल्यावर, नत्र आणि पालाश विभागून द्या. पालाश देताना खारवट रानात म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराईड असतं. सल्फेटचं पोटॅश घ्या. पोयट्याचा थर बसला असेल तर कुळवानं पोपडी फोडा.

प्रश्न (हातकणंगले तालुका): भारी रानात रोटाव्हेटर मारून लागण करतो. आता सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारा खोल फाळ) चालेल का? आणि पन्हाळ्याकडचे पाहुणे चुना टाकतात, आम्ही टाकू का?

उत्तर: चुना नको. पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनी आम्ल असतात, तिथल्या भाताला चुना चालतो. तुमच्या रानात आधीच चुनखडी आहे. पाहुण्यांचं बघून औषध घेऊ नये, तसंच खतही.

सबसॉयलर चालेल, पण रान खोलवर कोरडं असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्येच. ओल्या मातीत तो फाळ चिकणमाती लिंपत जातो आणि खाली आणखी पक्का थर बसवतो. रोटाव्हेटरचंही तेच. ओलसर रानात दोन-तीन वेळा मारलात की वर पीठ आणि खाली फरशी. मूठभर माती घेऊन वळा. तिची लांब दोरी झाली तर ट्रॅक्टर घरी न्या. ज्या चिकण रानात चोपणपणा नाही तिथं मोल नांगरानं दोन फूट खोल बोगदे पाडता येतात. तीन-चार वर्षं टिकतात. चोपण मातीत ते पहिल्या पावसात बसतात, तिथं पैसे घालवू नका.

प्रश्न (शिरोळ तालुका): क्षारपड रानाला कोणता ऊस घ्यावा? ठिबकला आणि पाईप निचऱ्याला अनुदान आहे का?

उत्तर: क्षारपडीत फुले २६५ बरा तग धरतो. पण तो निचऱ्याचा पर्याय नव्हे. पाचट जाळू नका, सरीत ठेवा. वरची माती तापली नाही की क्षार कमी वर ओढले जातात. ठिबक होईपर्यंत एक आड एक सरी पाणी द्या.

ठिबकला महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करा. केंद्र आणि राज्य मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, पाच हेक्टरपर्यंत. फार्मर आयडी काढून ठेवा. पाईप निचऱ्यासाठी गट करूनच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या, एकट्याची फाईल घेऊन येऊ नका.

मातीचे नमुने आठवडाभरात आणा. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाचे तीन वेगळे, प्रत्येकी अर्धा किलो, खताच्या पोत्यात नको, कापडी पिशवीत. पांढरा पोपडा खरवडून त्याचाच नमुना आणू नका. रानात पाच-सहा ठिकाणी फिरून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं लिटरभर पाणीही सोबत आणा. गेल्या दोन वर्षांत काय काय टाकलंय ते कागदावर लिहून आणा, बाटल्यांची नावंसुद्धा.